एक मिली

आमच्या लॅबमध्ये तान्ह्या बाळांची जी सँपल्स येतात त्यांच्यावर बाळाचं नाव कधीच नसतं. 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव. बारसंच झालेलं नसतं, नाव कुठून असणार! मी गेली तेरा वर्षं मायक्रोबायोलॉजीत टेक्निशियन आहे. अशा किती 'बेबी ऑफ' हाताखालून गेल्या याचा हिशेब नाही. बाटली आली, बारकोड लावला, मशीनमध्ये सरकवली, पुढची घेतली. रक्त कमी दिसलं की वर फोन करायचा आणि जरा चढ्या आवाजात म्हणायचं, "सिस्टर, हे काय पाठवलंय? अर्धा मिली पण नाहीये. निदान एक मिली तरी काढा की." पलीकडून सिस्टर काहीतरी पुटपुटायच्या. मी फोन आपटायचो. म्हणणं माझं चूक नव्हतं, आजही नाही.

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या मुलीची बाटली आमच्याच लॅबमध्ये आली.

बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, विट्याजवळच्या खेड्यात. छत्तिसाव्या आठवड्यातच पाणमोट फुटली आणि कळा मात्र यायचं नाव घेईनात. वीस-एक तासांनी तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये नॉर्मल डिलिव्हरी झाली. मुलगी, दोन किलो तीनशे. रडली, प्याली, शी-शू झाली, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. पाणी जाऊन अठरा तासांच्या वर गेले की बाळावर जरा जास्त लक्ष ठेवायचं असतं, आणि महिनाभर आधी आलेल्या बाळावर तर ठेवायचंच, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण पुस्तक शहरात राहिलं आणि मी पेढे घेऊन सासरी आलो. पाचव्या दिवशी पाचवी पुजली. मामींनी (आमच्याकडे सासूला मामीच म्हणतात) पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी लेख लिहिते, त्यासाठी. मी रजा टाकलेली, कौतुकानं सगळं बघत बसलो होतो.

बाळ फार शांत होतं. "लय गुणाचं लेकरू हाय," मामी येईल त्याला सांगायच्या, "रडणं म्हणून न्हाई." शेजारच्या बायका म्हणायच्या, नशीब काढलंय.

सहाव्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, ही पिताना सोडतीय. दोन घोट घेतले की लगेच डोळा लागतोय हिचा. काल अशी नव्हती." आम्ही तालुक्याला एका डॉक्टरांना दाखवून आणलं. त्यांनी पोट चाचपलं, थर्मामीटर लावला, ताप नाही म्हणाले, गॅसचे थेंब लिहून दिले. नवीन बाळं झोपतातच, पहिलटकरणीला उगाच काळजी वाटते. बायको गप्प झाली. मीही मान डोलावली. ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही, एवढं सोपं गणित माझ्या डोक्यात होतं. आणि मी तर इन्फेक्शनच्याच जिवावर घर चालवतो.

सातव्या दिवशी सकाळी आशाताई आल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी त्यांच्या सहा फेऱ्या ठरलेल्या असतात. तिसऱ्या दिवसाची झाली होती, ही सातव्या दिवसाची. पाऊस होता. छत्री दारात ठेवून त्यांनी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, पुसले नाहीत, हवेवर वाळवले. पिशवीतून झोळीचा काटा, थर्मामीटर, घड्याळ काढलं. बाळाचं झबलं वर सरकवलं आणि घड्याळ समोर धरून पोटाकडे बघत बसल्या. मिनिटभर घरात कुणी बोललं नाही. मी मोबाइल चाळत होतो.

"सहासष्ट," त्या म्हणाल्या. पुन्हा एक मिनिट. "अडुसष्ट."

साठच्या आत हवा होता श्वास. मग त्यांनी हाताची पालथी बाजू बाळाच्या तळव्याला लावली, मग पोटाला. पाय गार आणि पोट ऊबदार असलं तर बाळाला थंडी वाजतेय, पांघरूण घाला. दोन्ही गार असलं तर बाळ थंड पडलंय. काखेत थर्मामीटर धरला. ९५.३. आपण सगळे काटा वर किती चढतो तिकडे डोळे लावून बसतो. हिचा खाली उतरला होता. अशा इवल्या जिवाला ताप आणण्याइतकीही ताकद पुष्कळदा नसते, हे मला त्या पत्र्याच्या पडवीत आठवी शिकलेल्या बाईनं शिकवलं. शेवटी त्यांनी तळव्यावर बोटानं टिचकी मारली. बाळानं पाय ओढून घेऊन भोकाड पसरायला हवं. हिनं तोंड जरासं वाकडं केलं आणि पुन्हा झोपली.

"लेकरू गुणाचं हाय ओ ताई," मामी म्हणाल्या.

"मावशी, हे शांत न्हाई. सुस्त हाय." मग माझ्याकडे वळून, "दाजी, गाडी काढा. तालुक्याला न्हाई, सरळ मोठ्या दवाखान्यात."

त्यांनी बाळाला टोपी-मोजे घातले, लंगोट सोडून बाकी कपडे काढले, बायकोच्या छातीला उघडंच चिकटवलं आणि वरून दोघींभोवती शाल आवळली. वाटेत असंच ठेवायचं, हीटर लावायचा नाही, गरम पाण्याची बाटली तर अजिबात नाही. मेव्हण्यानं गाडी काढली. तासगाव मागे पडलं, कवठे एकंद मागे पडलं. बायको सगळ्या वाटेत एकच वाक्य म्हणत होती, "मी काल म्हटलं होतं." माझ्यावर ओरडत नव्हती. नुसतं म्हणत होती.

एसएनसीयूच्या (आजारी नवजात बाळांच्या वॉर्डच्या) दारात चपला, घड्याळ, अंगठी सगळं काढावं लागतं. मी स्टाफचा म्हणून मला गाऊन-टोपी चढवून आत घेतलं, कोपऱ्यात उभं राहायच्या अटीवर. तेरा वर्षांत मी त्या दाराच्या आत दोनदा गेलो असेन, तेही रिपोर्ट द्यायला. वॉर्मरच्या उजेडात माझी मुलगी एवढीशी दिसत होती की मी क्षणभर दुसऱ्याच बाळाकडे बघत राहिलो. सिस्टरांनी छातीच्या हाडावर बोट दाबून सोडलं. पांढरा ठसा पुन्हा गुलाबी व्हायला तीन सेकंदांच्या वर लागले. टाचेतून थेंब घेऊन साखर बघितली, ३८. पंचेचाळीसच्या खाली म्हणजे कमी. लगेच ग्लुकोज गेलं.

डॉक्टर मॅडम वयानं लहान होत्या, पण बोलणं स्वच्छ. "सेप्सिस वाटतोय. कल्चर घेते आणि अँटिबायोटिक सुरू करते. रिपोर्टसाठी थांबणार नाही." सेप्सिस म्हणजे जंतू रक्तात शिरून सगळ्या अंगाला झालेलं इन्फेक्शन, आणि कल्चर म्हणजे रक्त बाटलीत घालून त्यातले जंतू वाढवून बघणं. जन्मल्यापासून बहात्तर तासांच्या आत सेप्सिस दिसला तर तो बहुधा आईकडून आलेला असतो, त्यानंतरचा बहुधा बाहेरून, असं त्यांनी बाजूच्या इंटर्नला सांगितलं. मला काही सांगितलं नाही, ते बरं केलं.

आता त्या एक मिलीबद्दल.

सिस्टरांनी हातमोजे बदलले. कोपराच्या खाचेत शीर शोधली. शीर म्हणजे शिवणाच्या दोऱ्याएवढी. स्पिरिट लावलं. मग बेटाडीन, आतून बाहेर गोल फिरवत. आणि मग त्या थांबल्या. सुई हातात, बाळाचा हात दुसऱ्या हातात, आणि बेटाडीन सुकायची वाट.

हे जे थांबणं आहे ना, ते मी आयुष्यभर लोकांना शिकवत आलोय. आमच्याकडे कितीतरी कल्चरांमध्ये कातडीवरचा स्टॅफिलोकोकस उगवतो. तो बाळाच्या रक्तातला आहे की सुईबरोबर कातडीवरून आत गेलेला, हे सांगताना डॉक्टरांच्या आणि आमच्या नाकी नऊ येतात. कारण तान्ह्या बाळांना तोही खराखुरा आजारी पाडू शकतो. रिपोर्टवर 'बहुधा कातडीवरचा' लिहिताना मी दरवेळी मनात म्हणालोय, यांना एक मिनिट धीर धरवत नाही. आता तो मिनिट माझ्या डोळ्यांदेखत चालला होता. मॉनिटरवर ऑक्सिजन ८८ दिसत होता, अलार्म केकाटत होता, आणि सिस्टर काहीएक न करता उभ्या होत्या. माझ्या घशाशी आलं होतं, अहो घ्या ना आता!

त्यांनी पूर्ण मिनिट घेतला.

पहिल्या वेळी शीर गेली. दुसऱ्या हाताला तीच सगळी पूजा पुन्हा: मोजे, स्पिरिट, बेटाडीन, थांबणं. या वेळी सिरिंजमध्ये लाल रेघ आली. ओढलं की शीर मिटते, म्हणून ओढायचं नाही, येईल तसं येऊ द्यायचं. पाव मिली. मग काहीच नाही. दंडावरून हलकेच हात फिरवला, पुन्हा आलं. अर्धा. मी मनातल्या मनात हिशेब करत होतो. बाळाच्या अंगात किलोमागे साधारण ऐंशी-पंच्याऐंशी मिली रक्त असतं. हिचं वजन तेव्हा दोन किलो ऐंशी ग्रॅमवर आलं होतं, म्हणजे सगळं मिळून पावणेदोनशे मिली. चहाचा एक मोठा कप. त्यातला एक मिली म्हणजे मोठ्या माणसाचे जवळजवळ तीस. आणि शिवाय सीबीसीला (रक्तपेशी मोजायला) अर्धा, सीआरपी या इन्फेक्शनमध्ये वाढणाऱ्या प्रथिनाच्या तपासणीला थोडं.

तरी तोंडून गेलंच, "सिस्टर, एक मिली होईल ना?"

त्यांनी मान न वळवता विचारलं, "फोनवाले सर तुम्हीच का?"

पाऊण. मग एक. बाटलीच्या रबराला स्पिरिट लावून, तेही सुकवून, त्यांनी रक्त आत सोडलं आणि बाटली माझ्या हातात दिली. "घ्या. मोजून घ्या."

एक मिलीचा हट्ट उगाच नसतो. मोठ्या माणसाच्या कल्चरला आपण भरपूर रक्त घेतो, कारण रक्तात जंतू दाटीवाटीनं नसतात. आजारी बाळाच्या एका मिलीत कधी शेकडो असतात, कधी चार-पाचच. अर्ध्या मिलीत त्यातला एकही आला नाही तर बाटली पाच दिवस मशीनमध्ये गप्प बसते आणि आम्ही 'नो ग्रोथ' लिहून मोकळे होतो. त्याचा अर्थ एवढाच की त्या थेंबात सापडला नाही. दिल्लीतल्या तीन मोठ्या हॉस्पिटलांमध्ये २०११ ते २०१४ या काळात तेरा हजारांवर दाखल बाळांचा अभ्यास झाला होता. शंभरातल्या १४ बाळांना सेप्सिस धरला गेला, पण कल्चरमध्ये जंतू सापडला तो ६ जणांमध्येच. उरलेल्यांचा निर्णय डॉक्टरांनी बाळाकडे बघून घेतला. ते आकडे मी पूर्वी आमच्या सेमिनारमध्ये ऐकले तेव्हा वाटलं होतं, लॅबचं काम नीट होत नसणार. आता वाटतं, शिरा बारीक असतात हो.

बाटली मीच खाली घेऊन गेलो. खिशात नाही, मुठीत. तीन वाजून पंचवीस मिनिटांनी मशीनमध्ये ठेवली. वर येईपर्यंत अँटिबायोटिक सुरू झालं होतं.

बाकीचे रिपोर्ट तासाभरात आले. पांढऱ्या पेशी ४,२००, तान्ह्या बाळाच्या मानानं कमी. हेमॅटॉलॉजीतल्या मित्रानं स्लाइड बघून सांगितलं की त्यातही कच्च्या पेशी बऱ्याच आहेत, म्हणजे लढाईला पोरं-सोरंसुद्धा पाठवून झालीयत. सीआरपी मात्र ८. आमच्याकडे दहाच्या आत नॉर्मल धरतात. बाहेर सासरे उभे होते, त्यांना मी म्हणालो, सीआरपी नॉर्मल आहे. त्यांनी आकाशाकडे बघून हात जोडले. आणि ते हात जोडलेले बघून मला कसंतरी झालं, कारण मला माहीत होतं की हा आकडा आत्ता कवडीच्या मोलाचा आहे. सीआरपी यकृतात तयार होतं, जंतू शिरल्यावर ते वाढायला दहा-बारा तास तरी जातात. लवकर काढलेलं सीआरपी चांगलं आलं म्हणून निर्धास्त व्हायचं नसतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायचं असतं. दुसऱ्या दिवशी ते ८६ आलं. सासऱ्यांना मी तो आकडा सांगितला नाही.

संध्याकाळपासून पुढे करण्यासारखं काही उरलं नाही. बायकोला मातांच्या वॉर्डात खाट मिळाली होती. ती दर तीन तासांनी वाटीत दूध काढत होती आणि बाळाला तोंडानं काही द्यायचं नव्हतं, तेव्हा ते दूध नाव लिहून फ्रीजमध्ये जात होतं. मी जिन्यात बसून होतो.

त्या जिन्यात मला आशाताईंची ती घड्याळ धरून बसण्याची पद्धत आठवत होती. ही पद्धत आली कुठून ते मला ठाऊक होतं. आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजात काम करणाऱ्या बहुतेकांना असतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळं तपासायला गावातल्याच बायकांना शिकवलं. तिथं ना लॅब, ना कल्चर, ना सीबीसी. मग सेप्सिस ओळखायचा कसा? तर रडणं क्षीण झालं का, पिणं कमी झालं का, हातपाय लुळे पडले का, अंग गार किंवा गरम आहे का, श्वास साठच्या वर आहे का, पोट फुगलंय का, नाळेला पू आहे का, अशा खुणा. त्यातल्या दोन एकदम दिसल्या की सेप्सिस धरायचा आणि आईवडिलांना मोठा दवाखाना झेपत नसेल तर घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन सुरू करायचं. सेप्सिसनं दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण आधी शंभरात १६.६ होतं, ते २.८ वर आलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई त्याच धर्तीवर घरोघरी जायला लागल्या. मी लॅबवाला माणूस. बाटली मशीनमध्ये न ठेवता कुणी निदान केलं की मला ते जरा टोचायचं. आदर होता, पण टोचायचं. काल तालुक्याच्या डॉक्टरांपुढे माझ्या मुलीत त्यातल्या दोन खुणा होत्या: पिणं कमी आणि रडणं नाही. मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो.

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी मोबाइल वाजला. नाइट ड्यूटीवरचा माझा ज्युनिअर.

"दादा, झोपलायत का?"

"बोल."

"वाजली."

मशीन दर थोड्या वेळानं प्रत्येक बाटलीच्या बुडाशी असलेला सेन्सर तपासत असतं. आत जंतू वाढले की ते कार्बन डायऑक्साइड सोडतात, सेन्सरचा रंग बदलतो, मशीन बीप करतं. आमच्या लॅबचा रोजचा आवाज आहे तो. चहा पिता पिता ऐकतो आम्ही. मी खाली गेलो तेव्हा त्यानं बीप बंद केलेला होता, तेवढी समज त्या पोरात आहे.

नियम असा की नातेवाइकानं सँपलला हात लावायचा नाही. नियम बरोबर आहे. मी खुर्ची ओढून लांब बसलो. त्यानं कॅबिनेटमध्ये सुईनं बाटलीतला थेंब काढून काचेवर पसरला, वाळवला, ज्योतीवरून फिरवला. जांभळा रंग, आयोडीन, मग स्पिरिटनं धुणं, मग गुलाबी रंग. चार-पाच मिनिटांचं काम. काचेवर तेलाचा थेंब टाकून तो मायक्रोस्कोपशी वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. मग काही न बोलता स्टुलावरून उठला आणि बाजूला झाला.

मी बघितलं. हात लावला नाही, नुसतं बघितलं.

गुलाबी. आखूड, जाडसर काड्या. काही सुट्या, काही जोडीनं. आणि प्रत्येकीच्या कडेनं रंग न लागलेली एक फिकट रेघ, जणू गोधडी पांघरून झोपल्यात. अशा स्लाइडी मी हजारांनी बघितल्यात. क्लेबसिएला ही जंतूची जात असणार हे माझ्या डोळ्यांनी डोक्याच्या आधी ओळखलं. बारा-तेरा तासांपूर्वी त्या एका मिलीत ह्या किती असतील, दहा, वीस? आता सगळं फील्ड भरून गेलं होतं. मागे लाल पेशींचा विटका चुरा दिसत होता, तो तिचा होता.

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर आधी वाटलं ते, सापडली. निदान आता अंधारात दगड मारणं नाही.

नवजात बाळाचं रक्त पॉझिटिव्ह आलं की त्याच क्षणी वॉर्डला फोन करायचा, कुणी घेतला त्याचं नाव आणि वेळ रजिस्टरमध्ये लिहायची. हे काम मी झोपेतही करू शकतो. सवयीनं फोन मीच उचलला, नंबर लावला. "सिस्टर, मायक्रोमधून बोलतोय. ब्लड कल्चर, ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय. बेबी ऑफ..." आणि पुढचं नाव तोंडातून बाहेर पडेना. पोरानं माझ्या हातातून फोन घेतला.

पुढचे दोन दिवस मी भराभर सांगतो, कारण ते तसेच गेले, तुकड्या-तुकड्यांनी. सकाळी पाठीतून पाणी काढलं. रक्तातले जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोचलेत का हे त्याशिवाय कळत नाही, आणि तान्ह्या बाळाची मान ताठ होत नाही की बाहेरून ओळखावं. मी त्या वेळी आत गेलो नाही, मला जमलं नसतं. पाणी स्वच्छ आलं, पेशी ८. प्लेटलेट्स मात्र ४८ हजारांवर उतरल्या. आमच्या लॅबच्या मॅडमनी नेहमीसारखी कॉलनी (जंतूंचा पुंजका) उगवायची वाट न बघता थेट बाटलीतल्याच जंतूंवर औषधांच्या कागदी चकत्या लावल्या. ज्या चकतीभोवती जंतू उगवत नाहीत, ते औषध चालतं. एक दिवस वाचतो, पक्का रिपोर्ट मागून देता येतो. गुरुवारी सकाळी प्लेट उघडली. मॅकॉन्कीच्या (जंतू वाढवायच्या) प्लेटवर गुलाबी, ओलसर, चिकट कॉलनी, लूप लावला तर तार निघावी अशा. शेजारच्या प्लेटवर जेंटामायसिनच्या चकतीपर्यंत जंतू खुशाल उगवलेले. सेफोटॅक्सिमला तर त्यांनी विचारलंही नव्हतं. अमिकासिनला थोडं वर्तुळ. मेरोपेनेमभोवती मात्र स्वच्छ मोकळी जागा, पट्टी लावली तर २७ मिलीमीटर. तेवीसच्या पुढे म्हणजे औषध चालतं. दुपारी बाराच्या आत औषध बदललं.

म्हणजे पहिल्या दिवशीचं औषध, अमिकासिन, अर्धवटच लागू पडत होतं. परदेशी पुस्तकांत नवजात बाळाच्या सेप्सिसमध्ये स्ट्रेप्टोकोकसचा एक प्रकार पहिला येतो. आपल्याकडे पुढे असतात ते अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला, ई. कोलाय, आणि त्यातले बरेच जुन्या औषधांना भीक घालत नाहीत. म्हणून त्या चकत्यांच्या प्लेटला एवढी किंमत. ती नसती तर डॉक्टरांना बाळ खालावताना बघून अंदाजानं औषध बदलावं लागलं असतं.

आली कुठून, हा प्रश्न सगळ्यांनी सगळ्यांना विचारला. क्लेबसिएला माणसाच्या आतड्यात असते, ओल्या सिंकमध्ये असते, सक्शनच्या नळीत, न धुतलेल्या हातांवर. नर्सिंग होममधून आली असेल, घरातून आली असेल, माझ्याच हातावरून आली असेल. मी लॅबमधून थेट सासरी गेलो होतो, जाताच बाळ घेतलं होतं. हात धुतले होते का? धुतले असतील. बाटली जंतूचं नाव सांगते, गाव सांगत नाही. मामींचं वेगळंच चालू होतं. दहाव्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, पाचवीला पाटावर जे पेन ठेवलं होतं त्याची रिफिल संपलेली होती, नंतर मेव्हण्यानं सही करताना लक्षात आलं. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. घरी गेल्यावर त्यांनी नवीन पेन आणून कागद पुन्हा ठेवला, असं बायकोनं सांगितलं.

बारावा दिवस वॉर्मरवरच गेला. दोन दिवसांनी पुन्हा घेतलेलं कल्चर पाच दिवस गप्प राहिलं आणि या वेळच्या 'नो ग्रोथ'वर मी सही होताना बघितली. मेरोपेनेम चौदा दिवस चाललं. नळीतून दूध, मग चमच्यानं, मग अंगावर. एकदा दारातून सिस्टर म्हणाल्या, "आज शीर लावताना तुमच्या पोरीनं वॉर्ड डोक्यावर घेतला," आणि बायको तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. चोविसाव्या दिवशी घरी सोडलं. अमिकासिन कानांना त्रास देऊ शकतं म्हणून दीड महिन्याची झाल्यावर ऐकण्याची तपासणी केली, ती नीट आली. आशाताईंच्या पुढच्या फेरीला मी मुद्दाम रजा घेऊन गेलो होतो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण त्यांना अजून दोन घरं करायची होती. वजन करून, श्वास मोजून, रजिस्टरवर मामींचा अंगठा घेऊन त्या निघाल्या.

कामावर परतल्यावर मी अजूनही फोन करतो. रक्त कमी असलं तर कमीच असतं, त्यात माया करून जंतू उगवत नाहीत. पण आता बाटली वॉर्डला पाठवायच्या आधी आम्ही तिचं वजन करून लेबलवर लिहितो आणि परत आल्यावर पुन्हा करतो, म्हणजे किती रक्त आलं यावर वाद होत नाहीत. आणि दर महिन्याला तो कागद सिस्टरांना दाखवतो. गेल्या महिन्यात एका बाळाचं सहाशे ग्रॅम वजन, त्याचं अर्धा मिली आलं होतं. मी फोन लावला आणि विचारलं, किती वेळा टोचावं लागलं. सिस्टर म्हणाल्या, तीनदा. म्हटलं, राहू द्या मग, आहे त्यावर लावतो.

मॅडमनी ती क्लेबसिएला जपून ठेवायला सांगितली होती. इतक्या औषधांना दाद न देणारे जंतू आम्ही ग्लिसरॉलमध्ये घालून उणे सत्तरच्या फ्रीझरमध्ये ठेवतो. पुढे कधी तसाच दुसरा आला तर ताडून बघता येतो. नळी मीच भरली, लेबल मीच लिहिलं: नंबर, तारीख, 'बेबी ऑफ', बायकोचं नाव. वरून दुसरं खोकं, तिसरी ओळ. मुलीचं बारसं नंतर तिसऱ्या महिन्यात झालं, आधार कार्डही आलं. परवा खोकी लावताना पोरानं ती नळी उचलून विचारलं, "दादा, हिच्यावर नाव टाकायचं का आता?"

म्हटलं, राहू दे तसंच.